फ्लॉरेन्समध्ये मंगळवार ते रविवार : आधी वार बघा, मग तिकिटं काढा

फ्लॉरेन्सचं जुनं शहर लहान आहे. सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकापासून कॅथेड्रल दहा-बारा मिनिटं चालत आणि तिथून आर्नो नदी आणखी दहा मिनिटं, त्यामुळे अंतराची काळजी नको. घोळ होतो तो वारांचा. उफ्फीत्सी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद, बार्जेल्लो हे शिल्पांचं संग्रहालय मंगळवारी बंद. कॅथेड्रलचं संग्रहालय महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बंद असतं. रविवारी कॅथेड्रल फक्त प्रार्थनेसाठी उघडं असतं आणि सांता क्रोचे चर्च दुपारी साडेबारानंतर उघडतं. ‘शुक्रवार-शनिवार-रविवार फ्लॉरेन्स, सोमवारी व्हेनिस’ अशी आखणी करणाऱ्यांचं निम्मं शहर राहून जातं ते यामुळेच. मंगळवारी पोचून रविवारी निघालं तर सगळं नीट बसतं, म्हणून खालचा क्रम तसा लावला आहे.

तिकिटांचं आधी सांगतो. कॅथेड्रलच्या घुमटाला वेळ ठरवून आरक्षण लागतंच, उफ्फीत्सी आणि अकादेमियालाही ते करून ठेवावं. घुमटाच्या सकाळच्या वेळा हंगामात कितीतरी दिवस आधी संपतात. तिकीट संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावं; शोधयंत्रात सगळ्यात वर येतात ते बहुतेक दलाल असतात आणि तेच तिकीट दीडपट-दुपटीला विकतात. उफ्फीत्सीला सध्या 25 युरोच्या आसपास आणि वर आरक्षणाचे 4, घुमट धरून कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्की पास 30 युरोच्या आसपास. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या दिवशीची रांग पाहता वाचलेले पैसे महाग पडतात.

मंगळवार : पोचणं आणि सिन्योरिया चौक

रोमहून वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. रेल्वेच्या फलकावर शहराचं नाव ‘फिरेन्झे’ असतं आणि त्या नावाची स्थानकं एकाहून जास्त आहेत. उतरायचं ते ‘फिरेन्झे एस. एम. एन.’ला, काही गाड्या रिफ्रेदी किंवा काम्पो दी मार्तेला थांबतात, तिथे उतरलात तर पुन्हा लोकल शोधत बसावं लागतं. विमानतळावरून टी-2 ट्राम वीस-पंचवीस मिनिटांत स्थानकापाशी आणते. तिकीट 1.70 युरो, 90 मिनिटं चालतं. कागदी तिकीट ट्राममध्ये चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्यायचं. खिशात तिकीट असूनही छाप नसेल तर दंड होतो आणि तपासनीस कोणतीही सबब ऐकत नाही.

भाड्याची मोटार असेल तर ती शहराबाहेर सोडावी. जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. अडवायला कोणी उभं नसतं, फक्त कॅमेरा असतो. दंडाचा कागद गाडीच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर येतो आणि जितक्या वेळा त्या हद्दीत शिरला असाल तितके दंड असतात.

मुक्कामाचा पत्ता शोधताना एक मेख आहे. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरांचे क्रमांक दोन रांगांत चालतात. राहत्या घरांचे निळे किंवा काळे, दुकानं-खानावळींचे लाल. लाल क्रमांकापुढे पत्त्यात ‘आर’ असतो. त्यामुळे 38 आणि 38 आर यांच्यात शंभर-दोनशे मीटरचं अंतर सहज असू शकतं. नकाशातही तो ‘आर’ टाकायला विसरू नये. हॉटेलात पासपोर्ट मागतात आणि माणशी, रात्रीमागे नगर-कर वेगळा घेतात. तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो.

संध्याकाळी सिन्योरिया चौकात जावं. तिथल्या राजवाड्याच्या, पालात्सो व्हेक्योच्या, दाराशी उभा असलेला मायकेलअँजेलोचा दावीद (गोलायथ या राक्षसाला गोफणीने मारणारा बायबलातला तरुण) ही 1910 मध्ये बसवलेली प्रतिकृती. मूळ पुतळा 1873 मध्येच अकादेमियात हलवला. मात्र बाजूच्या कमानदार मंडपात, लोज्जा देई लान्त्सीत, चेल्लीनीचा कांस्य पेर्सेउस (1554) उभा आहे आणि त्याच्याजवळ जांबोलोन्याची ‘साबीन स्त्रीचं अपहरण’ ही तीन आकृत्यांची मूर्ती. एकाच संगमरवरी ठोकळ्यातून काढलेली. समोरून एक फोटो काढून लोक पुढे जातात, पण ती समोरून बघायची मूर्तीच नाही. भोवती फेरी मारत गेलं की खाली दबलेला म्हातारा, मधला तरुण आणि वर झेपावलेली स्त्री यांचा पीळ उलगडत जातो. प्रत्येक पावलाला वेगळीच कोणी समोर येते आणि ‘पुढची बाजू’ म्हणून काही सापडत नाही. मंडपाला तिकीट नाही. नेपच्यूनच्या कारंज्याजवळ जमिनीत एक गोल चकती आहे. 1498 च्या 23 मे रोजी साव्होनारोला या धर्मोपदेशकाला जाळलं ती जागा. कारंज्याच्या मागच्या अंगाला, राजवाड्याच्या भिंतीशी पालिकेचा पाण्याचा नळ आहे, साधं आणि सोडा घातलेलं दोन्ही पाणी फुकट. बाटली भरून ठेवावी.

जेवणाचं एकदाच सांगून टाकतो. इथल्या पावात मीठ नसतं. पाव बिघडलेला नाही, तो तसाच करतात. शाकाहारी माणसाची पंचाईत होत नाही. रिबोल्लिता (शिळा पाव, पांढऱ्या शेंगबिया, काळपट पानांचा कोबी), पाप्पा अल पोमोदोरो (पाव आणि टोमॅटो), उन्हाळ्यात पान्झानेल्ला हे गरिबाघरचे पदार्थ आता सगळीकडे मिळतात. मात्र रिबोल्लितात मांसाचं पाणी घातलंय का हे विचारावं. ‘मांस नाही’ म्हणजे ‘मांसाचा रस नाही’ असं तिथे कोणी धरत नाही. परमेसान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, तेही कडक शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर एक भाव, टेबलाशी बसून प्यायली तर दुसरा. आइस्क्रीमचे भडक रंगाचे डोंगर रचलेले दिसले की ते दुकान टाळावं. चांगलं जेलातो झाकणाच्या डब्यात असतं आणि पिस्त्याचा रंग मळकट असतो.

बुधवार : बार्जेल्लो आणि सांता क्रोचे

बहुतेक लोक सुरुवात घुमटापासून करतात. ती बार्जेल्लोपासून करावी, कारण घुमटाची गोष्ट इथे सुरू होते. हे संग्रहालय बऱ्याच दिवशी दुपारी दोनच्या आतच बंद होतं, तेव्हा सकाळीच जावं. गर्दी नसते.

पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात भिंतीवर दोन कांस्यफलक शेजारी-शेजारी आहेत. 1401 मध्ये कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या दरवाज्यासाठी स्पर्धा ठेवली होती, त्यातले हे ब्रुनेलेस्की आणि गिबेर्ती या दोन शिल्पकारांचे. विषय सगळ्यांना एकच, अब्राहम आपल्या मुलाचा, इसहाकाचा बळी देतो तो क्षण. कोणता कोणाचा ते न वाचता आधी नुसते पाहावेत. ब्रुनेलेस्कीच्या फलकात अब्राहमाने पोराची मान मागे ओढली आहे, सुरी गळ्याला टेकली आहे आणि देवदूताने त्याचं मनगट गच्च धरलं आहे. प्रसंग अंगावर येतो. गिबेर्तीच्या फलकात सुरी अजून दूर आहे, देवदूत मागून उडत येतो आहे आणि इसहाकाचा उघडा देह ग्रीक पुतळ्यासारखा घडवला आहे. निकाल गिबेर्तीच्या बाजूने लागला. त्यामागे सौंदर्याइतकाच हिशेबही असावा. गिबेर्तीने फलक जवळजवळ एकसंध ओतला, ब्रुनेलेस्कीने आकृत्या वेगळ्या ओतून पाटीवर बसवल्या. त्यामुळे गिबेर्तीचा फलक काही किलोंनी हलका. कांस्य महाग होतं आणि फलक एक नव्हे, अठ्ठावीस करायचे होते. हरलेला ब्रुनेलेस्की पुढे वास्तुकलेकडे वळला आणि कॅथेड्रलचा घुमट त्यानेच बांधला.

त्याच दालनात दोनातेल्लोचा कांस्य दावीद आहे. डोक्यावर टोपी, पायाखाली गोलायथचं मुंडकं आणि त्याच्या शिरस्त्राणाचं पीस मुलाच्या मांडीवर वर चढलेलं. शनिवारी मायकेलअँजेलोचा दावीद पाहताना हा आठवावा.

दुपारी सांता क्रोचे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; हा नियम इथल्या सगळ्या मोठ्या चर्चमध्ये आहे, उन्हाळ्यात एक ओढणी पिशवीत असलेली बरी. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि माकियाव्हेल्ली यांच्या समाध्या इथे आहेत. कवी दान्तेचंही मोठं स्मारक आहे, पण आत दान्ते नाही. शहराने त्याला हद्दपार केलं, तो राव्हेन्नात वारला आणि राव्हेन्नाने त्याच्या अस्थी परत दिल्या नाहीत. 4 नोव्हेंबर 1966 च्या पुरात आर्नोचं पाणी या भागात सगळ्यात उंच चढलं होतं. चिमाबुए या चित्रकाराने रंगवलेल्या क्रूसावरचा रंग तेव्हा धुऊन गेला. क्रूस दुरुस्त केला आहे पण गेलेला भाग गेलेलाच दिसतो. बाहेरच्या अंगणातली पात्सी कुटुंबाची छोटी प्रार्थनागृहाची इमारत चुकवू नये. पांढरी भिंत, करड्या दगडाच्या पट्ट्या, बाकी फारसं काही नाही.

गुरुवार : घुमट

सकाळी सव्वाआठची वेळ घ्यावी. दार कॅथेड्रलच्या उत्तर बाजूला आहे, मुख्य दाराशी जाऊन रांगेत उभं राहू नये. वेळ चुकली तर बदलून मिळत नाही. पाठीवरची मोठी पिशवी चालत नाही. ती आधी सामानघरात ठेवायची, म्हणून वीस मिनिटं हाताशी ठेवावीत. पायऱ्या 463, लिफ्ट नाही, अर्ध्यातून परतायची सोय नाही. हृदयविकार, चक्कर किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी हट्ट करू नये. जिना जागोजागी एका माणसापुरताच रुंद आहे.

चढण तीन टप्प्यांची आहे. पहिला गोल जिना. मग घुमटाच्या तळाशी आतून फिरणारी गॅलरी, जिथे वासारी आणि झुक्कारी या चित्रकारांनी 1572 ते 1579 मध्ये रंगवलेला ‘अंतिम निवाडा’ हाताच्या अंतरावर येतो. खालून साध्या वाटणाऱ्या सैतानांच्या आकृत्या जवळून भल्या थोरल्या आणि ठोकळेबाज दिसतात, कारण त्या खूप खालून पाहण्यासाठीच रंगवल्या आहेत. तिसरा टप्पा दोन कवचांच्या मधला. इथे थांबून भिंतीकडे बघावं.

पेच असा होता. 1296 मध्ये आर्नोल्फो दी काम्बियोने सुरू केलेल्या कॅथेड्रलच्या मध्यावर सुमारे 45 मीटर रुंदीचं अष्टकोनी भोक उघडंच राहिलं होतं. विजापूरच्या गोल घुमटापेक्षाही हे मोठं. कमान उभारताना खालून लाकडी आधार देतात, पण एवढ्या रुंदीला आणि एवढ्या उंचीवर पुरेल इतकं लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेलेस्कीने 1420 मध्ये आधाराशिवाय बांधायला घेतलं. आत जाड कवच, बाहेर पातळ कवच, मध्ये फासळ्या. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा घातल्या आहेत आणि त्यांची रेघ तिरकी वर चढत जाते. ओला चुना सुकायच्या आत कलत्या थरातली वीट घसरू नये म्हणून या उभ्या विटा ती अडवून धरतात, आणि प्रत्येक पूर्ण झालेला फेरा स्वतःच स्वतःला तोलतो. जिन्यात काही ठिकाणी ही वीण उघडी दिसते. विटा चाळीस लाखांवर लागल्या. 1436 मध्ये घुमट मिटला. वरचा कंदील ब्रुनेलेस्कीच्या मृत्यूनंतर पुरा झाला.

शेवटच्या पायऱ्या घुमटाच्या बाकाबरोबर वाकत जातात आणि तिथे चढणारे-उतरणारे एकमेकांना वाट देत थांबतात. वर वारा असतो. घुमटावरून सगळं दिसतं, फक्त घुमट दिसत नाही. घुमटाचा फोटो हवा असेल तर शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्यावर चढावं लागतं, 414 पायऱ्या. दोन्ही चढायची गरज नाही. बांधकामाचं कुतूहल असेल तर घुमट, दृश्य हवं असेल तर मनोरा.

कॅथेड्रलचं मुख्य दालन फुकट आणि साधारण सव्वादहाला उघडतं. आतून ते बरंच रिकामं आहे. रांग लांब असेल तर सोडून द्यायला हरकत नाही, तरी दारावरचं उच्चेल्लोचं 1443 चं घड्याळ गमतीचं आहे. चोवीस तासांचं, एकच काटा, तोही उलटा फिरणारा; दिवसाची मोजणी सूर्यास्तापासून. बाहेरचा तीन रंगांचा झगझगीत दर्शनी भाग मात्र एकोणिसाव्या शतकातला, 1887 चा.

मग कॅथेड्रलचं संग्रहालय, आणि इथे दोन तास तरी द्यावेत. शहरात सगळ्यात कमी लेखलेली जागा हीच. बाप्तिस्मागृहाच्या दारांसमोर गर्दी असते, पण तिथली दारं प्रतिकृती आहेत. मूळ तिन्ही दारं इथे काचेआड आहेत. गिबेर्तीचं पहिलं दार 1424 ला पुरं झालं, दुसरं, ज्याला ‘स्वर्गद्वार’ म्हणतात, 1452 ला. त्याच्या दहाच फलकांत पुढच्या आकृत्या जवळजवळ सुट्या उभ्या आहेत आणि मागच्या इतक्या उथळ की नखाने कोरल्यासारख्या. चौकटीत गिबेर्तीने स्वतःचं टकलं डोकंही बसवलं आहे, नजरेच्या उंचीवर शोधावं. याच संग्रहालयात मायकेलअँजेलोचा उतारवयातला ‘पिएता’, म्हणजे ख्रिस्ताच्या मृतदेहावरचा शोक. ख्रिस्ताचा डावा पाय नाही. मायकेलअँजेलोने चिडून ही मूर्ती फोडायला घेतली होती, नंतर शिष्याने ती सावरली. मागे उभ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा मायकेलअँजेलोचा स्वतःचा मानतात.

बाप्तिस्मागृहाच्या छतावरच्या सोनेरी मोझाइकचं जतनकाम चालू आहे, आत परांची असू शकते.

शुक्रवार : उफ्फीत्सी

पुन्हा सव्वाआठ. बाटली, छत्री, मोठी पिशवी यांपैकी जे अडवतील ते जमा करावं लागतं. चित्रं सगळ्यात वरच्या मजल्यापासून सुरू होतात, पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट विचारावी. चार तासांपेक्षा जास्त वेळ कोणाच्याच डोळ्यांना झेपत नाही, म्हणून निवड करूनच जावं.

सुरुवातीच्याच एका दालनात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो यांच्या तीन मोठ्या माता मेरी समोरासमोर आहेत. सगळे लोक बोत्तिचेल्लीकडे धावत असल्याने इथे जागा मिळते. सिंहासन बघावं. चिमाबुएचं सिंहासन आणि देवदूत एकावर एक रचलेले. जोत्तोच्या सिंहासनात शिरता येईल अशी खोली आहे, आणि निळ्या वस्त्राखाली मेरीचे गुडघे जाणवतात. तीसेक वर्षांच्या आत चित्रकला कुठून कुठे गेली ते या एका खोलीत कळतं.

पिएरो देल्ला फ्रांचेस्काचा उर्बिनोचा ड्यूक कायम डाव्याच बाजूने दिसतो, कारण त्याचा उजवा डोळा भाल्यांच्या खेळात गेला होता. बोत्तिचेल्लीचा ‘व्हीनसचा जन्म’ कापडावर आहे आणि ‘प्रिमावेरा’ लाकडी फळ्यांवर. दोन्हींपुढे फोनांची भिंत असते. साडेआठच्या आत पोचलात तर पाचेक मिनिटं मोकळी मिळतात, म्हणून वाटल्यास आधी थेट इथे येऊन मग मागे जावं. लिओनार्दोच्या ‘मंगलवार्ते’त (देवदूत मेरीला बाळाची वार्ता देतो तो प्रसंग) मेरीचा उजवा हात विचित्र लांब वाटतो. चित्राच्या उजवीकडे सरकून, थोडं खालून बघितलं की तो जागेवर बसतो. चित्र चर्चमध्ये अशा बाजूने दिसावं म्हणून तसं काढलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. मायकेलअँजेलोचं गोल ‘तोंदो दोनी’ मूळच्या चौकटीसकट आहे.

काराव्हाज्जो आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्की यांची चित्रं खालच्या मजल्यावर, बाहेर पडायच्या वाटेवर येतात. तोवर पाय गेलेले असतात आणि लोक न बघताच निघतात. मध्ये गच्चीवरच्या कॅफेत बसून घ्यावं, मग उतरावं.

संध्याकाळी पोंते व्हेक्यो ओलांडून पलीकडे. 1345 चा पूल. 1593 मध्ये खाटिकांना हटवून सोनारांना दुकानं दिली, ती आजही आहेत. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. पुढे चढून मायकेलअँजेलो चौकात सूर्यास्ताला जत्रा असते; तिथून आणखी दहा मिनिटं वर सान मिनियातो चर्चपाशी तेच दृश्य शांतपणे मिळतं.

रस्त्यावर स्वस्त ‘ब्रँडेड’ पिशव्या दिसतील. इटलीत नकली माल विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड आहे.

शनिवार : अकादेमिया, सान मार्को

दावीद 5.17 मीटरचा. 1501 मध्ये मायकेलअँजेलोला मिळालेला दगड आधीच्या शिल्पकाराने अर्धवट छिनून टाकून दिलेला, अरुंद आणि उथळ होता. बाजूने पाहिलं की पुतळा किती चपटा आहे ते लक्षात येतं. समोरून गोफण जवळजवळ दिसतच नाही, ती पाठीवरून गेली आहे. मागे जाऊन बघावी. उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा आणि वाजवीपेक्षा मोठा पंजा खालून बघणाऱ्यासाठी आहेत. त्याच्याकडे जाणाऱ्या मार्गिकेतले अपुरे सोडलेले ‘बंदी’ (कैद्यांचे पुतळे) मात्र खरे शिकवणारे. छिन्नीचे दाते दगडावर मोजता येतात. तासाभरात बाहेर पडता येतं.

पाच मिनिटांवर सान मार्कोचा मठ, तोही दुपारी दोनच्या आत बंद होतो. जिना चढताना वळणावर मान वर केली की फ्रा अँजेलिकोची ‘मंगलवार्ता’ समोर उभी राहते. वरच्या प्रत्येक कोठडीत एक भित्तिचित्र, एक खिडकी. जवळच्या आन्नुन्त्सियाता चौकात ब्रुनेलेस्कीचं अनाथगृह आहे, 1419 चं. कमानींच्या वर निळ्या पार्श्वभूमीवर दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांच्या चकत्या.

रविवार : नदीकाठची छत्री

मराठी माणसाने इथे एक सकाळ राखून ठेवावी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 मध्ये इंग्लंडचा दौरा करून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला वारले. वय विशीचं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि तिथे दहनाची प्रथा नव्हती. खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर अग्निसंस्कार झाला. 1874 मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. आतला रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. फेटा, दागिने, सगळं रंगवलेलं, आणि वर आपल्याकडची छत्री. पलीकडच्या 1970 च्या दशकातल्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असंच नाव पडलं आहे.

जायला स्थानकापासून टी-1 ट्रामने कास्चीने थांब्यावर उतरायचं आणि नदी डाव्या हाताला ठेवून उद्यानातून पश्चिमेकडे साधारण तीन किलोमीटर, उद्यान संपेपर्यंत. सपाट वाट, झाडांची सावली. सायकल मिळाली तर उत्तम. मंगळवारी सकाळी याच उद्यानात मोठा बाजार भरतो, तेव्हा वाट तुंबते. दुपारी शहरात परतून सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मासाच्चोचं ‘त्रिमूर्ती’ (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) हे भित्तिचित्र पाहता येतं, 1427 च्या सुमाराचं. रविवारची उघडायची नेमकी वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आदल्या दिवशी दारावर बघून ठेवावी. ट्रामचं 90 मिनिटांचं तिकीट छत्रीपर्यंत चालत जाऊन येईतो संपतं, म्हणून जाताना दोन काढावीत आणि दुसरं परतीच्या ट्राममध्येच छापावं.